सराफ्याच्या शहरात दिनचर्या: आयुर्वेद आणि योग पाव-पाव करून कसा सुरू करायचा

आपलं इंदूर खायला बसतं रात्री. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं असलेल्या सराफ्यात आठ-नऊला शटर पडायला लागली की तिथेच गाड्या लागतात आणि रात्री दीड-दोनपर्यंत भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, जिलेबी सगळं चालू, घरी पाहुणे आले आणि त्यांना तिथे नेलं नाही तर नातेवाईकांत तोंड दाखवायची सोय नाही. सकाळी परत पोहे-जिलेबी. आणि मधल्या वेळात विजयनगर नाहीतर सुपर कॉरिडॉरला नऊ-दहा तास खुर्चीत. आता अशा माणसाला कोणीतरी सांगतं की ब्राह्ममुहूर्तावर उठ, सूर्यास्ताच्या आसपास जेव, रोज अभ्यंग कर, तासभर योगासनं कर, तर तो सोमवारी सगळं करतो आणि गुरुवारपर्यंत सगळं सोडतो. दोष त्याचा नाही हो, सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झालेली असते.

गंमत म्हणजे आयुर्वेदालाच असं एका दिवसात बदलणं मान्य नाहीये. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सरळ लिहिलंय की अंगवळणी पडलेली वाईट सवय एकदम तोडू नका, तिचा चौथा हिस्सा सोडा, तेही जड जात असेल तर चौथ्याचा चौथा, आणि चांगली सवयही तशीच हळूहळू आत आणा. म्हणजे पाव किंवा पावाचा पाव. शेव पावशेर-अर्धा किलो अशी घेणाऱ्या आपल्या लोकांना हा हिशोब लगेच कळायला पाहिजे! चार कप चहा असेल तर आधी तीन, मग महिनाभर तीनच. मला विचाराल तर सगळ्या आयुर्वेदात नोकरीवाल्या माणसाच्या सर्वात कामाची गोष्ट हीच, आणि खाली जे काही सांगतेय ते सगळं या एका नियमावर चालतं.

पहिली पायरी: काहीही विकत घेऊ नका

योगा मॅट, तांब्याची बाटली, त्रिफळा चूर्ण, अश्वगंधाच्या गोळ्या, जे काय ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलंय ते तिथेच राहू द्या. पहिला आठवडा फक्त एक वही. रोज चार गोष्टी लिहायच्या: कधी उठलो, तिन्ही वेळा कधी जेवलो, कधी झोपलो, सकाळी पोट साफ झालं की नाही. बास. बहुतेक नोकरदार घरांत यातून एकच गोष्ट पुढे येते, ती म्हणजे रात्रीचं जेवण आणि झोप यात अर्धा तास पण अंतर नाही, आणि सकाळी भूक नसताना घड्याळ बघून नाश्ता होतोय.

आणि हो, मोबाइलवर दहा प्रश्नांची उत्तरं देऊन तुमची प्रकृती वात की पित्त की कफ ते सांगणाऱ्या टेस्ट असतात, त्या मजा म्हणून करा, पण त्यावर आहार ठरवू नका. प्रकृती वैद्य नाडी, जीभ, अंगकाठी, झोप, भूक असं बरंच बघून ठरवतात, आणि सध्याचा बिघाड वेगळा, जन्माची प्रकृती वेगळी, ते त्या टेस्टमध्ये कळत नाही.

दुसरी पायरी: रात्रीचं जेवण सरकवा

इथे घाई करू नका, महिना लागला तरी चालेल, कारण हे जमलं की अर्धं काम झालं. जेवण साडेदहाला होत असेल तर ते एकदम सातला आणू नका, घरातले पण वैतागतील आणि तुम्ही पण. आधी सव्वादहा. चार-पाच दिवस ते टिकलं की दहा. असं करत करत साडेआठपर्यंत आलात आणि झोप साडेदहा-अकराला असेल तर मध्ये दोन तास मिळाले, तेवढं नोकरी करणाऱ्या माणसाला पुष्कळ आहे.

किती खायचं याचं माप पण वाग्भटाने दिलंय. पोटाचे चार भाग धरायचे, दोन भाग घट्ट अन्न, एक भाग पातळ, एक रिकामा. ताटात त्याचा अर्थ असा की तिसऱ्या पोळीच्या आधी थांबून स्वतःला विचारायचं, आईने "अजून एक घे ना रे" म्हटल्यावर नाही. आधीचं जेवण पचलं की नाही हे ओळखायच्या खुणा पण सोप्या आहेत: ढेकर आली तर तिला जेवणाचा वास नाही, अंग हलकं, पोट साफ, आणि खरी भूक-तहान लागलेली. यातलं काही नसेल तर पुढचं जेवण थोडं पुढे ढकला नाहीतर नुसतं मुगाचं पातळ कढण घ्या. (डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवण ढकलणं, टाळणं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, शुगर खाली जाते.)

रात्रीचं दही बंद करा. दहीभाताशिवाय जेवण संपत नाही अशी आपली बरीच घरं आहेत, ते मला माहितीये, पण ग्रंथ याबाबत स्पष्ट आहेत, रात्री दही नको. त्याऐवजी दुपारी ताक, भाजलेलं जिरं आणि सैंधव घालून. बदलता बदलता होईल, आठवड्यातून एक रात्र कमी केली तरी सुरुवात झाली.

आता पोह्यांचं. हे वाचून काही लोक माझ्यावर चिडणार! पोहे आपल्याला हलका नाश्ता वाटतात पण आयुर्वेदात पोहे गुरू म्हणजे पचायला जड सांगितलेत आणि थोडेच खा असं म्हटलंय. वाफेवरचे मऊ पोहे, वर जिरावन मसाला, शेव, कांदा, लिंबू, बडीशेप, हे सोडा असं मी म्हणणार नाही, इंदूरला राहून ते म्हणायची हिंमत कोणाची आहे. फक्त भूक लागल्यावर खा, एक प्लेट खा, आणि त्यावर जिलेबी रविवारी.

सराफ्याला जायचंय? जा. आठवड्याला एकदा नाहीतर पंधरा दिवसांनी, त्या दिवशी संध्याकाळी घरी जेवून मग वर तिथे खाऊ नका, तेच जेवण समजा. दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागेपर्यंत फक्त कोमट पाणी. एवढं केलं तर निम्मा त्रास होतच नाही.

अमेरिकेच्या क्लायंटमुळे रात्रपाळी असणाऱ्यांसाठी वेगळं आहे. मुख्य जेवण शिफ्टच्या आधी घरी करून जा, मध्यरात्री कँटीनचे समोसे-मॅगी ऐवजी डब्यात काहीतरी हलकं गरम न्या. सवय नसताना जागरण झालं तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, आणि काही न खाता, झोपा असा नियम आहे. बहुतेक जण उलटं करतात, घरी येऊन पोटभर नाश्ता करतात आणि मग पडतात.

तिसरी पायरी: सकाळ

ब्राह्ममुहूर्त सध्या विसरा. आत्ता जेव्हा उठता त्याच्या पंधरा मिनिटं आधी. नगर निगमच्या कचरा गाडीचं गाणं ऐकू आल्यावर धावत खाली जायची सवय असेल तर ती गाडी यायच्या आधी उठणं एवढं पहिलं ध्येय पुरे.

उठल्यावर एक भांडं कोमट पाणी, बळजबरीने लिटरभर नाही. त्यात गरम पाण्यातून मध-लिंबू घेणारे खूप आहेत, पण मध गरम करू नये आणि गरम पदार्थासोबत घेऊ नये असं आयुर्वेदात आहे, त्यामुळे मध घ्यायचाच असेल तर साध्या पाण्यातून. मग शौच, दात, जीभ साफ करणं. फोन यानंतर. खरंच, यानंतर.

अभ्यंग म्हणजे तेल लावणं हे आपल्याला दिवाळीच्या नरक चतुर्दशीला आठवतं, एरवी नाही. रोज पूर्ण अंगाला लावायला वेळ नसतो, मान्य. डोकं, कान आणि पाय या तीन ठिकाणी विशेष करून लावा असं ग्रंथच सांगतो, म्हणून रोजचं पाच मिनिटांचं काम तेवढंच: रात्री झोपताना तळपायांना, आणि जमेल तेव्हा टाळूला. कानाच्या पाळीला, मागे लावा, कानात थेंब टाकणं वैद्याला विचारून, पडद्याला भोक असेल तर बिलकुल नाही.

रविवारी मात्र पूर्ण करा. लाकडी घाणीचं तिळाचं तेल घ्या, इथल्या दुकानात तिल्लीचं तेल म्हणून मागा. स्टीलच्या वाटीत चार-पाच चमचे काढून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, थेट गॅसवर नाही, तेल नुसतं कोमट पाहिजे, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मग जुनी चादर नाहीतर पाट घेऊन बसा, हातापायांवर लांब लांब हात फिरवा, गुडघा-कोपर-घोटे या सांध्यांवर गोल गोल, पोटावर घड्याळाच्या दिशेने, आणि मग पंधरा-वीस मिनिटं तसंच राहा, तोवर कुकर लावा, पेपर वाचा. धुवायला साबणापेक्षा मसूर डाळीचं किंवा बेसनाचं पीठ, पण ते पीठ मोरीच्या जाळीत बसतं म्हणून आधी अंगावरचं कोरड्या कपड्याने टिपून घ्या नाहीतर प्लंबर बोलवावा लागतो. आणि फरशी! तेलाच्या पायाने बाथरूममध्ये घसरणं हा या सगळ्यातला सर्वात मोठा धोका आहे, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या आधी फरशी गरम पाण्याने धुवा. डोक्यावरून कडक गरम पाणी घेऊ नका, केसांना आणि डोळ्यांना चांगलं नाही. ताप, अजीर्ण, सर्दी भरलेली असेल त्या दिवशी तेल नाही.

चौथी पायरी: जे आलंय ते दाबू नका

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार चरक, त्याने तेरा वेग, म्हणजे शरीराच्या आपोआप येणाऱ्या हाका, सांगितलेत जे अडवायचे नाहीत: मूत्र, मल, अपानवायू, शुक्र, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेला दम. ऑफिसात यातले किती दिवसभर दाबले जातात मोजून बघा. मीटिंग संपेपर्यंत लघवी धरून बसायची, विशेषतः आपल्या बायकांनी, कारण बाहेरची टॉयलेट नको वाटतात, म्हणून पाणीच कमी प्यायचं, हे अगदी घराघरात आहे. याला काही खर्च नाही, मॅट लागत नाही, वेळ लागत नाही. उठायचं आणि जायचं. आणि त्याच चरकाने हेही सांगितलंय की लोभ, राग, मत्सर असले मनाचे वेग मात्र धरून ठेवा, म्हणजे बॉसला काय बोलायचं ते गिळलंत तर ते आयुर्वेदाला धरूनच.

पाचवी पायरी: वीस मिनिटं योग

आता मॅट घ्या, नाहीतर जाड सतरंजी चालते. सकाळी पोट रिकामं असताना उत्तम. संध्याकाळी करायचं तर जेवणानंतर तीन-चार तास आणि चहानंतर निदान अर्धा-पाऊण तास गेला पाहिजे. उद्यानातच करायला पाहिजे असं काही नाही, पण घरी सारखं कोणीतरी हाक मारतं असं असेल तर मेघदूत किंवा पिपल्यापाल्याला जाऊन करा, सकाळी तिथे मंडळी असतात, लाज पण निघून जाते.

पहिल्या महिन्याला एवढंच:

ताडासन, टाचा उचलून, पाच-सहा श्वास. कटिचक्रासन म्हणजे उभ्याने कंबर वळवणं, दोन्ही बाजूंना, सावकाश. मग हातापायांवर येऊन मार्जारासन, पाठ वर-खाली, आठ-दहा वेळा, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला यासारखं दुसरं काही नाही. पालथं झोपून भुजंगासन, पण हातांनी जोर लावून उंच उठू नका, पाठीच्या ताकदीने जेवढं उचललं जातं तेवढंच, बेंबी जमिनीला टेकलेली. उताणं होऊन पवनमुक्तासन, म्हणजे गुडघा पोटाशी ओढणं, एकेक पाय, मग दोन्ही. सेतुबंध, म्हणजे उताण्यानेच गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. आणि शेवटी शवासन पाच मिनिटं, ते वगळू नका, लोक घाईत तेच वगळतात.

दुसऱ्या महिन्यात सूर्यनमस्कार. आपल्या मराठी घरांत ते औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींमुळे पिढ्यान्‌पिढ्या पोचलेत, आणि मध्य प्रदेशात १२ जानेवारीला शाळांमधून सामूहिक सूर्यनमस्कार होतात म्हणून पोरांना स्थिती पाठ असतात, त्यांच्याकडून शिका, त्यांना पण बरं वाटतं. पहिल्या दिवशी तीन. वाकून हात जमिनीला टेकवायचे त्या स्थितीत हात पोचत नसतील तर गुडघे वाकवा, ते बेशक वाकवा, गुडघे ताठ ठेवून कंबर ओढली की तिसऱ्या दिवशी कंबर धरते आणि मग "योगाने मला त्रास झाला" असं होतं. श्वास रोखायचा नाही, वर उठताना घ्यायचा, वाकताना सोडायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी सुरुवातीला चालतं. दर आठवड्याला एक वाढवा, बारावर थांबा.

किती करायचं याला आयुर्वेदात शब्द आहे अर्धशक्ती, आणि ती ओळखायची कशी तर कपाळावर, नाकावर, काखेत, सांध्यांवर घाम यायला लागला, तोंड कोरडं पडायला लागलं की झालं, थांबा. जिममध्ये शिकवतात त्याच्या अगदी उलट आहे हे, पण नवशिक्याला टिकवणारी गोष्ट हीच. पतंजलीचं आसनाचं सूत्र पण स्थिर आणि सुख एवढंच मागतं, त्यात दुखणं कुठे आलं.

प्राणायामात आधी फक्त अनुलोम-विलोम पाच मिनिटं, श्वास आत धरून न ठेवता, आणि भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज, पाच-सात वेळा. भ्रामरी ऑफिसातून आल्यावर गाडी पार्क करून, गाडीतच करा, घरी वर गेल्यावर होत नाही. कपालभाती सगळीकडे पहिल्या दिवसापासून शिकवतात, मला ते पटत नाही. बीपी जास्त असेल, हृदयाचा त्रास, हर्निया, पोटाचं नुकतंच ऑपरेशन, गरोदरपण, यात ती करायचीच नाही, आणि ज्यांना यातलं काही नाही त्यांनी पण समोर बसून शिकवणाऱ्याकडूनच घ्यावी. शीर्षासन व्हिडिओ बघून नाही. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणारं काहीच नाही. पाठीच्या मणक्याची गादी सरकलीय त्यांनी पुढे वाकणं बंद. पाळीच्या दिवसांत आराम वाटेल तेवढंच, जबरदस्ती नको.

जेवणानंतर चालणारं एकच आसन म्हणजे वज्रासन, दोन-पाच मिनिटं, तेही गुडघे दुखत नसतील तर. दुखत असतील तर शतपावली करा, कॉलनीत एक चक्कर.

ऋतू बदलला की बदला

एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्याचे पहिले सात, हा ऋतुसंधी. जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं, परत तेच पाव-पाव.

मे महिन्यात इथे पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा सूर्यनमस्कार कमी करा, तिळाच्या तेलाऐवजी खोबरेल, पन्हं, सातू, आणि हो, दुपारची झोप फक्त याच ऋतूत मंजूर आहे, रविवारी आमरसानंतर खुशाल झोपा. पावसाळ्यात अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद असते, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला कचोरी-भजी पाहिजे असतात! आठवड्यात एकदा खा, बाकी दिवस जुना तांदूळ, मूग, सुंठ, ताजं गरम. थंडीत भूक सर्वात जोरदार असते, त्यामुळे गराडू (इथला तळून खायचा कंद), तीळ-गूळ, तूप, बाजरी हे सगळं तेव्हाच पचतं, व्यायाम पण तेव्हाच अर्ध्या शक्तीपर्यंत पूर्ण करा, तेल रोज लावलंत तर उत्तम. आणि रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे इथल्या रंगांच्या मिरवणुकीच्या, आसपास खोकला-सर्दी निघते तो वसंतातला कफ, तेव्हा दुपारी झोपणं, दही, गोडधोड कमी आणि चालणं जास्त.

औषधं आणि वैद्य

इतकं सगळं करून दोन-तीन महिन्यांत पोट आणि झोप सुधारली नाही तरच औषधाचा विचार, तोही वैद्याकडे जाऊन. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. गुळवेल घेऊन काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय, अश्वगंधा थायरॉइडच्या गोळ्यांमध्ये गडबड करू शकते आणि गरोदरपणात नको, ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं. भस्म आणि रसौषधी तर मनाने कधीच नाही, त्यात पारा, शिसं असे धातू असू शकतात. बाटलीवर उत्पादन लायसन्स नंबर नसेल तर ती बाटली परत ठेवा. चालू असलेल्या बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून स्वतः बंद करायच्या नाहीत. आणि छातीत दुखणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, यात आधी डॉक्टर, आसनं नंतर.

वैद्य निवडताना बीएएमएस डिग्री आणि रजिस्ट्रेशन बघा. इंदुरात लोकमान्य नगरला शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या ओपीडीत दाखवता येतं, प्रायव्हेटच पाहिजे असं नाही. जाताना सगळ्या चालू गोळ्यांची पानं, शेवटचे रिपोर्ट घेऊन जा, आणि तीन गोष्टी विचारून या: हे औषध किती दिवस, त्यावर पथ्य काय, आणि काय झालं तर ताबडतोब बंद करायचं. पंचकर्म सुचवलं तर ते स्पाचं पॅकेज नाही हे लक्षात ठेवा, त्याआधी तयारी असते, नंतर काही दिवस पेजेपासून सुरू करून हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावं लागतं, म्हणून लग्नाच्या सीझनमध्ये किंवा ऑफिसात क्लोजिंग चालू असताना तारीख घेऊ नका.